बापाचं मीठ, खाडीचं मीठ : कोकणातला सुपरहिरो कॉमिक रचायची रीत

देवगडच्या माझ्या भाच्याने पहिला सुपरहिरो काढला तो काचेच्या उंच इमारतीवर उभा होता. ही इमारत कुठली म्हणून विचारलं तर म्हणाला, "मामा, हिरो आहे म्हणजे इमारत लागतेच." देवगडात उंच म्हणाल तर पवनचक्क्या, मोबाइलचा टॉवर आणि माड. माडावर हिरो चढवला की तो पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, दिसतो, हे भाच्याचं म्हणणंही खोटं नव्हतं.

त्याला समजावता समजावता जे माझ्याच ध्यानात आलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. डोळ्यासमोर एकच अंक ठेवा : चोवीस पानं, काळी-पांढरी, एक पूर्ण गोष्ट. विषय जुनाच, पण कधी न शिळा होणारा. मुलाच्या हातून काहीतरी घडलं आहे, कुणीतरी सुडाला पेटलं आहे आणि दोघांच्या मध्ये बाप उभा आहे. तोच खलनायक.

सुरुवात परशुरामापासून

हा विषय परदेशी कॉमिकांतून आला असं वाटत असेल तर चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवळात एकदा जाऊन या. कोकणची जन्मकथाच ही आहे. जमदग्नी मुलांना म्हणतो, आईला मारा. थोरले चौघे नकार देतात आणि शाप घेतात. धाकटा परशू उचलतो. बाप खूश होऊन वर माग म्हणतो, तेव्हा तो आईचा जीव परत मागतो. महाभारतातल्या वनपर्वात त्याला जोडून आणखी एक मागणं आहे, ते बहुतेक जण विसरतात : आपल्याला मारलं गेलं होतं, हे आईला आठवू नये. आई उठते, कामाला लागते. आठवण राहते ती फक्त मुलाकडे.

पुढे त्याच बापाला कार्तवीर्य राजाची मुलं मारतात. मग एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय. सगळी जमीन जिंकून ती कश्यपाला दान दिल्यावर स्वतः उभं राहायला पायाखाली वीतभर जागा उरत नाही. तेव्हा समुद्राकडे जागा मागावी लागते. बाण सुटतो, पाणी हटतं, कोकण वर येतं.

वही घ्या आणि तुमच्या नायकासाठी या चार ओळी भरा. बापाचं कोणतं सांगणं त्याने ऐकलं? त्यात कुणाचा जीव गेला? ते फक्त त्यालाच आठवतं, असं काय आहे? शेवटी त्याला उभं राहायला जागा कुठे उरत नाही? चारही उत्तरं एकेका वाक्यात येत नसतील तर पेन्सिल खाली ठेवा. चित्रं काढत बसलात तर चित्रं होतील, गोष्ट होणार नाही.

दशावतारात नरसिंहाचा प्रवेश आपण सगळ्यांनी बघितलेला असतो, म्हणून नवखा लेखक हमखास प्रल्हादाकडे वळतो. खलनायक बाप आणि गुणी मुलगा, तयार साचा. या कामाला तो उपयोगाचा नाही. प्रल्हादाचे हात स्वच्छ आहेत. त्याला फक्त सोसायचं आहे, बाकीचं खांबातून बाहेर येणारा बघून घेतो. आपल्याला असा मुलगा हवा ज्याच्या नखांत गाळ अडकला आहे.

अपराध लहान ठेवा, पण त्याचा फायदा दाखवा

ऑगस्ट १९६२ मध्ये 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी स्पायडरमॅन आणला. त्या गोष्टीचा कणा काय, तर अंगात ताकद असूनही पीटर, म्हणजेच स्पायडरमॅन, पळणाऱ्या चोराला अडवत नाही, कारण ते आपलं काम नाही असं त्याला वाटतं. पुढे तोच चोर त्याच्या काकाचा जीव घेतो. पीटरने कुणाला मारलेलं नाही. तो नुसता बाजूला झाला. साठ वर्षांहून जास्त काळ लोटला तरी त्या बाजूला होण्याचा काटा बोथट झालेला नाही.

यातून मी दोन गोष्टी उचलल्या. अपराध हाताच्या एका हालचालीएवढा असावा, आणि तो नायकाने शुद्धीवर असताना केलेला असावा. 'चुकून झालं' हे पुरणार नाही. चुकून घडलेल्याचं दुःख होतं, ते रात्री उठवून बसवत नाही.

तिसरी गोष्ट माझी : त्या हालचालीने नायकाच्या घरी काहीतरी आलं पाहिजे. पैसा, नवं छप्पर, बहिणीचं लग्न, काहीही. आपल्याकडे 'खाल्ल्या मिठाला जागणं' हा शब्द आहे तो याच ठिकाणी कामाला येतो. मिठाला जागायचं तर गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसलं तर घास उतरत नाही. ही पाचर बसली की पुढची वीस पानं आपोआप हलतात.

उदाहरण म्हणून मी रचलेली गोष्ट सांगतो. गाव काल्पनिक, खाडीच्या मुखापासून तीनेक मैल आत. दिगूच्या बापाचा रात्री वाळू उपसायचा धंदा : दोन बार्ज आणि एक सक्शन पंप. दिगू बारा वर्षांचा असल्यापासून साकवाजवळच्या टेकाडावर बॅटरी घेऊन बसतो. तहसीलची जीप दिसली की दोनदा उजेड पाडायचा, बार्जवरचे दिवे विझतात. एका रात्री जीप दिसते, दिगू दोनदा बॅटरी मारतो, दिवे विझतात आणि त्या काळोखात बार्जची एका होडीला धडक बसते. होडीत सदू तांडेल, म्हणजे होडीचा नावाडी. दिगूला वरून सगळं दिसतं. बाप फक्त एवढंच सांगतो की घरी जा. दुसऱ्या दिवशी गावात बातमी, की सदू वहाळाच्या पाण्याला सापडला. त्या महिन्यात दिगूच्या घरावर मंगलोरी कौलं काढून स्लॅब पडतो.

दिगूने काय केलं? बॅटरीचं बटण दोनदा दाबलं. बस. पण घरात पाऊस गळायचा थांबला तो त्या बटणामुळे.

बाप : इथे घाई करू नका

अर्धा वेळ या पायरीवर गेला तरी चालेल. नवख्याच्या हातून बिघडतं ते इथेच. बापाला गडगडाटी हसवतात, त्याच्या मागे काळे ढग काढतात, आणि पहिल्याच पानावर वाचकाला कळतं की हा मेला की गोष्ट संपेल.

कोकणातला खलनायक बाप कसा असेल? जत्रेला सर्वांत मोठी वर्गणी त्याची. रात्री दोन वाजता बाळंतिणीला कुडाळला न्यायचं तर गाडी त्याची. मुंबईहून येणारे चाकरमानी गणपतीत आधी त्याच्या ओटीवर टेकतात. गावात त्याला नावाने कुणी हाक मारत नाही, 'भाई' म्हणतात. लोक त्याला घाबरतात तेवढंच त्याचं देणं लागतात, आणि या दोन्ही गोष्टी एकाच नमस्कारात दिसतात. काढून बघा तो नमस्कार : हात जोडलेले, डोळे जमिनीकडे. हजार शब्दांचं काम तिथे होतं.

मग त्याला एक जखम द्या, आणि ती इतिहासातली खरी असू द्या. माझा भाई १९७२ साली जन्मला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरोघरच्या मनीऑर्डरी थांबल्या. दहा वर्षांचा भाई रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभा राहायचा. त्या वाटेवर त्याने ठरवलं की आपल्या घरात कुणी कुणाच्या पैशाची वाट बघणार नाही. हे एकच चित्र मी अंकात ठेवलं, एक पोर, लाल मातीची वाट आणि रिकामं वळण. त्याखाली एक अक्षर लिहिलं नाही. जखम सांगितली म्हणजे गुन्हा माफ झाला, असं मात्र होऊ देऊ नका. सदूच्या घरीही त्याच वर्षी मनीऑर्डर थांबली होती, आणि सदूने कुणाला बुडवलं नाही. हे वाक्य कुणाच्या तरी तोंडी आलंच पाहिजे. माझ्याकडे ते आजी बोलते, भाईची स्वतःची आई.

आता त्याचा गुन्हा नीट समजून घ्या. खलनायकाचा धंदा लेखकाला कळला नाही की तो नुसताच 'वाईट माणूस' उरतो. खाडीच्या तळातली वाळू उपसली की तळ खोल जातो. तळ खोल गेला की भरतीचं खारं पाणी पूर्वी पोचत नव्हतं तिथपर्यंत आत शिरतं. काठाच्या विहिरी मचूळ होतात, खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीतली, भातशेती जळते. पायथ्याची वाळू निघून गेल्यामुळे काठ ढासळतो, आणि त्याबरोबर माडांची रांगच्या रांग पाण्यात झुकते. वाळूत वाढणारे तिसऱ्या, मुळे हे शिंपले नाहीसे होतात, म्हणजे ओहोटीला टोपली घेऊन उतरणाऱ्या बायकांची रोजची कमाई गेली. हे सगळं दाखवायला भाषण नको. पान तीनवर दिगूची आई विहिरीचं पाणी तोंडात घेऊन थुंकते. पान अकरावर चहा खारट लागतो म्हणून पाहुणा कप खाली ठेवतो. बापाचं मीठ असं खाडीतून चुलीपर्यंत येतं.

शेवटचं : बापाने मुलाला काहीतरी सुंदर शिकवलेलं असलं पाहिजे. भाईने दिगूला पाणी वाचायला शिकवलं. वारा, रंग, गाज ऐकून दर्याचा अंदाज. पुढे हेच शिकवणं दोघांमधलं हत्यार होतं.

सूड दुसऱ्याच्या हातात द्या

अपराध आणि सूड एकाच पात्रात कोंबले की ते पात्र स्वतःशीच बडबडत बसतं. दोन देह करा. अपराध दिगूचा, सूड मंगलचा. मंगल म्हणजे सदू तांडेलाची मुलगी, बापाचं वल्हं घरात उभं करून ठेवणारी. तिला भाईवर संशय आहे. दिगूवर नाही, कारण दिगू तिच्या बापाच्या बाराव्याला सगळ्यांत जास्त राबला.

अमेरिकेत १९७३ मध्ये 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१ आणि १२२ या अंकांत पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा मृत्यू होतो आणि पाठोपाठ नॉर्मन ऑस्बॉर्न, म्हणजे ग्रीन गॉब्लिन, स्वतःच्याच उडत्या यंत्राच्या टोकाने मरतो. पुढे त्याचा मुलगा हॅरी तोच वेश चढवतो आणि बापाचा सूड मागतो. सूड इस्टेटीसारखा वारसाने कसा उतरतो, याचा इतका नेमका नमुना कॉमिकांत दुसरा सापडणं कठीण. तरी माझी एक तक्रार आहे. खलनायक आपल्याच यंत्राने मेला की नायकाचे हात कोरडे राहतात, लेखकाचेही. वाचकाला हायसं वाटतं, आणि हायसं वाटणं आपल्याला नको आहे. भाईला दरडीखाली किंवा विजेने मारून स्वतःची सुटका करून घेऊ नका.

मंगलच्या सुडालाही शरीर द्या. 'मी सोडणार नाही' असं ती एकदाही म्हणत नाही. ती रोज ओहोटीला खाडीत उतरते आणि काठीने तळ मोजते. कुठे किती खोल, कुठे अजून वाळूचा दांडा शिल्लक आहे, हे भिंतीवर कोळशाने मांडते. बार्ज कुठे रुतवता येईल त्याचा नकाशा ती बनवते आहे, हे वाचकाला पान चौदापर्यंत कळू नये.

शक्तीला घड्याळ लावा

शक्ती कुठून आली, यात फार पानं घालवू नका. मी एका पानात उरकली : सदूला शोधायला दिगू पाण्यात उडी घेतो, बुडतो आणि पहाटे भरतीबरोबर काठाला लागतो. त्या दिवसापासून भरतीच्या वेळी खाडीच्या पाण्याचं बळ त्याच्या अंगात येतं. ओहोटी लागली की तो पुन्हा साधा एकोणीस वर्षांचा पोरगा. त्या बळावर तो रात्री बापाच्याच बार्जवर धाडी घालायला लागतो.

महत्त्वाचं आहे ते वेळापत्रक. भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं, आणि रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण, म्हणजे पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, दोन्ही बेताचं. वेळ काढायचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तेव्हा पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. हा हिशेब ढोबळ आहे, गावागणिक थोडा पुढेमागे होतो, पण गोष्टीला पुरून उरतो. भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि तुमच्या प्रत्येक प्रसंगाला तिथी द्या. प्रसंगापुढे भरतीची वेळ लिहा. नायकाच्या अंगात बळ कधी आहे आणि कधी नाही, हे आता तुमच्या हातात राहिलेलं नाही, चंद्राच्या हातात आहे. त्यामुळे फसवाफसवीला जागाच उरत नाही.

आणि हा हिशेब दिगूला कुणी शिकवला? भाईने. म्हणजे रात्री बार्जवर धाड घालणारा तो कोण, हे गावाला कळायच्या आधी बापाला कळतं. तीन धाडी, तिन्ही पूर्ण भरतीच्या. बाप दिनदर्शिकेवर बोट फिरवतो, थांबतो, आणि मुलाच्या अंथरुणाकडे बघतो. माझ्या अंकातलं हे माझं सर्वांत आवडतं चित्र आहे, आणि त्यात एकही हाणामारी नाही.

शेवटची गाठ ओहोटीला ठेवा. हे ठासून सांगतो. भरतीला ठेवलीत तर शक्ती जिंकेल. ओहोटीला बार्ज मंगलने हेरलेल्या दांड्यावर रुततो, कलंडतो, बाप पंपाच्या पाइपाखाली अडकतो, आणि पाणी परत चढायला अजून अवकाश आहे. दिगूच्या अंगात बळ नाही. होडी मंगलची, वल्हं सदूचं. होडीत बसायचं तर आधी तिला सांगावं लागेल की बॅटरी कुणी मारली होती. सांगितल्यावर ती वल्हं हातात देईल का, हे मी इथे लिहीत नाही. तुमच्या गोष्टीतलं उत्तर तुमचं.

वेश

थोडक्यात आटपतो. आपल्या गावात मुखवटा टिकत नाही. काळोखात खोकला ऐकून माणूस ओळखणारी ही माणसं, चालीवरून तर घराणं सांगतील. म्हणून वेश असा हवा की लोकांनी ओळखलं तरी विचारू नये. दशावतार! जत्रांच्या हंगामात, कार्तिकापासून वैशाखापर्यंत, रात्री तोंड रंगवलेला माणूस वाटेत भेटला तर कुणी दचकत नाही. दशावतारी नटाबद्दल म्हणतातच, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. दुहेरी आयुष्य म्हणजे काय ते या नटांकडून शिकावं. दिगू एका दशावतारी कंपनीत पेटारा उचलायला जातो, आणि संकासुर राक्षसाचा काळा वेश त्याला आयता मिळतो. पावसाळ्यात मात्र हा आडोसा नाही. वैशाख सरला की दिगू उघडा पडणार, ही आणखी एक टांगती तलवार.

झगा कापडाचा आहे हे विसरू नका. ओला झाला की जड होतो, अंगाला चिकटतो. पॅन्टवर चड्डी घातलेल्या हिरोला पाण्यात हा त्रास नसतो.

पानं मांडणं

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. सुट्या कागदांवरची चित्रं, एकेक समोर धरायची, गात गात कथा सांगायची आणि पुढचं चित्र काढायचं. कॉमिकमध्ये पान उलटणं म्हणजे हेच. कथेकऱ्याच्या हातातलं पुढचं चित्र प्रेक्षकाला दिसत नाही, म्हणून तो पुढे सरकून बसतो. पुस्तिकेत पहिलं पान उजवीकडे येतं, तेव्हा उलटल्यावर समोर येणारी पानं सम आकड्यांची : २, ४, ६, ८. धक्का द्यायचा तो सम पानावर. विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत वाचकाचा हात पानाच्या कोपऱ्याकडे गेला पाहिजे.

एका पानावर सरासरी पाच चौकटी धरा. चोवीस पानांच्या साधारण एकशेवीस होतात. त्यातल्या वीस तरी बिनशब्दांच्या असू द्या. चित्रं काढण्याआधी संहिता अशी लिहा. हे माझं पान ७ :

चौकट १ (पूर्ण रुंदीची). माजघर, रात्र. दिवा एकच. बाप आणि दिगू समोरासमोर जेवायला बसलेले. आई दारात, चेहरा सावलीत.
बाप : खंय होतंस?

चौकट २. दिगूचे हात जवळून. नखांत खाडीचा गाळ.
दिगू : खाडीर.

चौकट ३. बाप आपल्या ताटातली सुरमईची मधली तुकडी उचलून दिगूच्या ताटात ठेवतो.
बाप : काय बघलंस?

चौकट ४. फक्त ताट. भात, तुकडी, मिठाची चिमूट. शब्द नाहीत. कोपऱ्यात बारीक अक्षरांत समुद्राची गाज.

चौकट ५. दिगू घास तोंडात घेतो. डोळे ताटावर.
दिगू : कायच बघूक नाय.

पान उलटलं की ८ : पूर्ण पानभर काळी खाडी, आणि मधोमध तरंगणारं एक वल्हं.

'त्याचं मन त्याला खात होतं' असं कुठेही लिहिलेलं नाही, लिहायचंही नाही. अपराध चित्रात दिसत नसेल तर निवेदनात लिहून तो येत नाही. मिठाची चिमूट ठेवली आहे ती अगदी जाणूनबुजून. ती अंकात पाच ठिकाणी परत येते.

निवेदनाच्या पट्ट्या लागतातच, पण 'त्याच वेळी दुसरीकडे' ही भाषा टाळा. मी गाऱ्हाण्याची, म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे घालायच्या मागण्याची, चाल घेतली. 'बा देवा म्हाराजा, तुझ्या या लेकरान आज...' अशी पट्टी वर आणि खाली गावाचा सूर, 'होय म्हाराजा!' सुरुवातीला गाव मोठ्याने होकार देतं. जसजशी गोष्ट उघडी पडते तसतसा तो होकार अक्षराने लहान होत जातो. पान बावीसवर पट्टी आहे, आणि खाली काहीच नाही.

बोलीबद्दल : संवाद मालवणीत, निवेदन प्रमाण मराठीत किंवा गाऱ्हाण्यात, असा भेद एकदा ठरवला की मोडू नका. तुमचं गाव संगमेश्वराकडचं असेल तर मालवणी उसनी आणू नका. आजीला वाचून दाखवा, ती लगेच सांगेल.

अक्षरं आणि छपाई

इंग्रजी कॉमिकातला गोल फुगा मराठीला आखूड पडतो. आपल्याला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपटीजवळ ठेवा आणि फुगा बसका, रुंद काढा. अक्षरं ताणू नका, शिरोरेषा तुटते. एका फुग्यात वीस शब्दांवर गेलात तर पात्र भाषण करतं आहे असं समजा. फॉन्ट हवे तर 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू मोफत परवान्याचे आहेत. मुक्ता निवेदनाला, बालू ओरडण्याला. आवाज मात्र हातानेच काढा. 'धप्प', 'खळ्ळ', 'चुबुक' ही चित्रंच आहेत. पंपाच्या आवाजासाठी मी पानभर 'घर्रर्र'ची रेघ खाडीच्या तळापासून वर नेली.

रेषांचं काम ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), रंगीत मुखपृष्ठ ३०० वर, चारी बाजूंनी तीन मिलिमीटर कापायची जागा. पानांची संख्या चारच्या पटीत, म्हणजे मधे पिन मारता येते. ए-४ दुमडून ए-५ केला की खर्च आवाक्यात राहतो. साधा मॅपलिथो कागद चांगला, चकचकीत कागदावर काळी खाडी आरशासारखी दिसते. छपाई आषाढात करू नका. कागद सादळतो, पानं लाटांसारखी होतात. आश्विनात छापून घ्या, कार्तिकात जत्रा सुरू होतात.

छापण्याआधी एकदा

कच्चा खर्डा दोन माणसांना दाखवा. एक कॉमिक वाचणारं पोर आणि एक पाणी ओळखणारा म्हातारा. पोर सांगेल कंटाळा कुठे आला. म्हातारा वेगळंच सांगेल. माझ्या पहिल्या अंकात मी डोक्यावर पूर्ण चंद्र काढला होता आणि खाली उघडा पडलेला चिखल, त्यात रुतलेली होडी. चित्र झकास जमलं होतं. आमच्या वाडीतल्या एका जुन्या तांडेलाने ते लांब धरून बघितलं आणि विचारलं, "पुनवेच्या मध्यरात्री सुकती?" सुकती म्हणजे ओहोटी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. चंद्र डोक्यावर तेव्हा खाडी काठोकाठ. चार पानं फाडली आणि प्रसंग पहाटे साडेपाचावर नेला. तेव्हा चंद्र मावळतीला टेकलेला, बापाची सावली चिखलावर लांबच लांब पडलेली. दिगू उभा होता तिथपर्यंत ती पोचत होती.